गंगेचं पोट

“माय, तुझ्या सॅटेलाइटला काय दिसायलंय?”

२०२५ च्या सप्टेंबरातली रात्र होती. साडेअकरा वाजून गेले होते आणि फोनवर मामांच्या आवाजापेक्षा पत्र्यावरच्या पावसाचा आवाज मोठा होता. त्या दिवसांत मराठवाड्यातली नदी म्हणून पात्रात राहिली नव्हती. सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा, सगळ्या एकदम उठल्या होत्या, आणि वर जायकवाडीचे दरवाजे उघडले होते. मामांचं गाव गंगाखेडच्या वरच्या अंगाला, अगदी काठावर. या पट्ट्याला गंगथडी म्हणतात. इथं गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. आमची ती गंगा.

माझ्यासमोर संगणकावर दोन दिवसांपूर्वीचं रडारचं चित्र उघडं होतं. मी म्हटलं, “मामा, परवाचं आहे माझ्याकडं. आजचं अजून आलं नाही.”

पलीकडं थोडा वेळ नुसता पाऊस. मग ते म्हणाले, “परवा तर पानी घाटाच्या पार खाली होतं. आता अकरावी पायरी बुडाली. चढायलंय अजून.”

मी वहीत लिहून घेतलं: अकरावी पायरी, रात्री ११.४०.

उपग्रहांच्या नोंदींवरून नदीचा विसर्ग काढायचा, म्हणजे नदीतून सेकंदाला किती पाणी चाललंय ते लांबून सांगायचं, हे माझं गेल्या काही वर्षांचं काम आहे. त्या रात्री माझ्याजवळची सगळ्यात ताजी नोंद मात्र ही पायरीचीच होती.

मामा तीस वर्षं खलाशी होते. खलाशी म्हटलं की ऐकणाऱ्याला समुद्र आठवतो. पण नदीची पातळी आणि विसर्ग मोजणाऱ्या केंद्रांवर जो माणूस मोजपट्टी वाचतो, होडी आवरतो, पुराच्या रात्री बॅटरी घेऊन काठावर जागतो, त्यालाही खलाशीच म्हणतात. केंद्रीय जल आयोगाची अशी केंद्रं गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर आहेत: ढालेगाव, गंगाखेडचा रेल्वेपूल, पूर्णा, येळी. आई पंचमीला माहेरी यायची तेव्हा मी मामांच्या मागं लागून नदीवर जायचे. काठाच्या उतारावर एकावर एक अशा मोजपट्ट्या रोवलेल्या असत. पाणी चढलं की खालची बुडायची आणि मामा वरची वाचायला लागायचे. पुराच्या दिवसांत दर तासाला नोंद. झोप कधी व्हायची कोण जाणे.

नुसती पातळी वाचून विसर्ग कळत नाही. त्यासाठी पात्राचे उभे तुकडे पाडायचे, होडीतून प्रत्येक तुकड्याची खोली घ्यायची आणि प्रवाहमापक पाण्यात सोडायचा. त्याला छोट्या वाट्यांचं एक चक्र असतं. पाण्यानं ते फिरलं की कानाला लावलेल्या यंत्रात टिकटिक ऐकू येते, आणि ठरावीक वेळात किती टिकटिक झाली त्यावरून वेग निघतो. चक्र धरायचं पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर, कारण वरपासून तळापर्यंतच्या वेगाची सरासरी साधारण तिथं सापडते. तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज. वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या पातळ्यांना अशी मोजणी केली की त्या जागेचा एक वक्र तयार होतो: पाणी इतकं चढलं तर विसर्ग इतका. मग रोज होडी घालावी लागत नाही. पट्टी वाचायची आणि वक्रावरून आकडा काढायचा.

खरा पूर आला की होडी घालता येत नाही. तेव्हाचं मामांचं एक तंत्र माझ्या डोळ्यांपुढं अजून आहे. पाणी चढलं की गावातल्या बाया गंगेची ओटी भरायला घाटावर येतात. हळदकुंकू, खण, नारळ. बाईनं नारळ पाण्यात सोडला की मामांचे ओठ हलायला लागायचे. घाटाच्या टोकापासून खालच्या पिंपळापर्यंतचं अंतर त्यांनी टेप लावून मोजून ठेवलं होतं. नारळ पिंपळापाशी पोचेपर्यंत किती सेकंद लागले, त्यावरून वेग. मीही त्यांच्यासोबत मोजायचे. माझे आकडे नेहमी घाईचे, त्यांचे घड्याळासारखे. एकदा मी भागाकार करून मोठ्या आनंदानं उत्तर सांगितलं तर म्हणाले, “थांब. वरचं पानी पळतं माय, खालचं चालतं. इतकं सगळं धरू नको.” पुढं शिकायला गेले तेव्हा पुस्तकात हेच आलं: तरंगत्या वस्तूचा वेग मिळाला की त्याच्या साधारण ८५ टक्के हा सरासरी वेग धरावा, कारण तळ आणि काठ पाण्याला मागं ओढतात. वर्गात मी एकटीच अशी असेन, जिला त्या ओळीत नारळ दिसला.

बातम्यांत पावसाळाभर क्युसेक ऐकू येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. आईच्या मापानं सेकंदाला दोन घागरी. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १० डब्यांची होती, ५ लाख लिटरची. पुढं ५० डब्यांच्या गाड्या आल्या, एकेका खेपेला सुमारे २५ लाख लिटर. आता पुरात गोदावरीतून १ लाख क्युसेक चाललं असेल तर घाटासमोरून एका सेकंदात २८ लाख लिटर पाणी निघून जातं. ज्या ५० डब्यांच्या गाडीची अख्खं शहर वाट बघत बसलं होतं, ती गाडी एका सेकंदात. हा हिशेब पहिल्यांदा केला त्या दिवशी मी पेन खाली ठेवलं आणि पुढचं काम संध्याकाळपर्यंत झालंच नाही.

आणि तो १ लाखाचा आकडा असतो कुठला? धरणाच्या दरवाजाचा. पैठणहून सुटलेलं पाणी आमच्या घाटावर यायला वेळ लागतो. वाटेत मंजरथला सिंदफणा मिळते, ओढे मिळतात, बंधारे काही पाणी अडवतात, काही सोडतात. मधल्या गावांना आपल्यासमोरून नेमकं किती पाणी चाललंय हे कुणी सांगत नाही, कारण तिथं कुणी मोजतच नाही. मोजणी केंद्र त्या एका जागेचं सांगतं. शिवाय जगभर अशी केंद्रं वाढण्याऐवजी कमी होत आली आहेत. म्हणून वरून बघण्याचा हा सगळा खटाटोप.

हे वरून बघणं सुरू झालं ते वर्षही आमच्या लोकांच्या कायम लक्षात राहिलेलं आहे. जमिनीची चित्रं घेणारा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ ला वर गेला. बहात्तर म्हटलं की आमच्याकडं दुसरं काही सांगावं लागत नाही. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मामा तेव्हा बारा वर्षांचे, तेही सोबत. सुकडी खाल्लेली, अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी खाल्लेली. त्याच अमेरिकेतून, त्याच वर्षी, जमिनीकडं बघणारा तो डोळा वर गेला. या दोन गोष्टी एका वर्षातल्या आहेत हे मला कामाला लागल्यावर समजलं. तेव्हापासून त्या मला वेगळ्या करता येत नाहीत.

चित्रावरून नदीची रुंदी मोजणं त्या मानानं सोपं. पाणी जवळचे अवरक्त किरण शोषून घेतं, त्यामुळं त्या किरणांत घेतलेल्या चित्रात नदी काळीभोर उठून दिसते. १९५३ मध्ये लिओपोल्ड आणि मॅडॉक या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की विसर्ग वाढला की रुंदी, खोली आणि वेग तिन्ही एका ठरावीक रीतीनं वाढतात. म्हणजे रुंदी कळली तर विसर्गाचा अंदाज बांधता यावा. पसरट, उथळ नद्यांवर हे बरंच जमतं. आमच्या गंगेवर जमत नाही. गंगथडीत तिनं गाळ कापून उंच दरडी केलेल्या आहेत. दोन दरडींच्या मध्ये पाणी कितीही चढलं तरी रुंदी फारशी बदलत नाही, आणि बदलते तेव्हा ती शेतात शिरलेली असते. शिवाय पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. ज्या दिवशी चित्र हवं त्या दिवशी चित्रात ढगच ढग.

ढगांतून पलीकडं बघायचं तर रडार लागतं. युरोपचा सेंटिनेल-१ हे काम २०१४ पासून करतोय. तो तिरका बघतो. सपाट पाण्यावर पडलेली लहर आरशासारखी पलीकडं निघून जाते, परत येत नाही, म्हणून त्याच्या चित्रात पाणी काळं. पण गंगथडी म्हणजे ऊस. दोन पुरुष उंच उसात पाणी शिरलं की लहर पाण्यावर आपटून उसाच्या बुडख्यावर आदळते आणि परत उपग्रहाकडं येते. चित्रात ते रान काळं न दिसता उलट उजळ दिसतं. बुडालेला ऊस कोरडा वाटतो. त्या रात्री माझ्यासमोरच्या चित्रात मामांच्या गावाच्या खालचा सगळा पट्टा असाच उजळ होता, आणि तो बघून समाधान मानायचं नाही हे मला माहीत होतं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहाची एक रडारलहर जवळपास वीतभर लांबीची आहे. ती पाल्यातून खालपर्यंत जास्त चांगली पोचते. पण तो तेव्हा नुकताच वर गेलेला होता.

नदीची उंची मोजणारे उपग्रह आणखी वेगळे. आपल्या इस्रोनं फ्रान्सबरोबर २५ फेब्रुवारी २०१३ ला ‘सरल’ सोडला होता. तो बरोबर आपल्या पायाखालच्या एका रेषेवर लहर सोडायचा आणि ती परत यायला लागलेल्या वेळेवरून पाण्याची उंची काढायचा. रेषेवर नदी आली तर आली. मग १६ डिसेंबर २०२२ ला अमेरिका आणि फ्रान्सचा ‘स्वॉट’ गेला. माझं बहुतेक काम याच्याच नोंदींवर चालतं. त्याला दहा मीटरच्या दांड्यावर दोन अँटेना आहेत, माणसाला दोन डोळे असावेत तशा. ८९१ किलोमीटर उंचीवरून एक अँटेना लहर सोडते, परत आलेली लहर दोघी ऐकतात, आणि दोघींच्या ऐकण्यातल्या अतिसूक्ष्म फरकावरून खालच्या पाण्याची उंची निघते. तो जवळजवळ सरळ खाली बघतो, म्हणून त्याला पाणी लख्ख उजळ दिसतं. एकाला जे काळं, तेच दुसऱ्याला पांढरं. फरक काय तो बघण्याच्या कोनाचा. तो एका फेरीत १२० किलोमीटरचा पट्टा बघतो, मधली अरुंद पट्टी सोडून. नदीची उंची दहा सेंटिमीटरच्या आसपास आणि दहा किलोमीटरच्या तुकड्यावरचा उतार किलोमीटरला दोन सेंटिमीटरहूनही कमी चुकीनं सांगावा, असं त्याला बांधतानाच ठरलं होतं. मोजपट्टी एका जागेची उंची सांगते. दहा किलोमीटर पाण्याचा उतार एका नजरेत सांगणारं काही आमच्याकडं कधी नव्हतं.

उतार का हवा हे बंधाऱ्यांपाशी कळतं. जायकवाडीच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस असे बंधारे एकापाठोपाठ एक आहेत. जानेवारीत बंधाऱ्यामागं बघा, पाणी काठोकाठ. उंची पुराची, रुंदी पुराची, आणि वाहणं जवळपास शून्य. नुसती पातळी बघणारा फसणार. उतार मात्र सांगून टाकतो की हे पाणी उभं आहे. मामांच्या तोंडातही हा बदल आलेला मी ऐकलाय. आजी म्हणायची, “गंगेला पानी आलं.” मामा म्हणतात, “गंगेला पानी सुटलं.” १९७६ ला जायकवाडी झाल्यावर पाणी येणं थांबलं आणि सुटणं सुरू झालं.

आता रुंदी मिळाली, उंची मिळाली, उतार मिळाला. तरी विसर्ग हातात येत नाही.

आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यानं १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही आम्ही वापरतो. पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, तळाला आणि काठांना पाणी जेवढं लागून असतं ती लांबी, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा हे घातलं की विसर्ग निघतो. यातला उतार वरून दिसतो. क्षेत्रफळ अर्धं दिसतं: पाण्याच्या वरचं दिसतं, खालचं नाही. रडार पाण्यात शिरत नाही. नदीचा चेहरा दिसतो, पोट दिसत नाही.

पोटाचा फरक किती पडतो ते एका गणितानं सांगते. समजा पात्र २०० मीटर रुंद, पाणी ३ मीटर खोल, उतार किलोमीटरला २० सेंटिमीटर आणि खडबडीतपणाचा गुणांक ०.०३५. सूत्राप्रमाणं विसर्ग येतो सुमारे १७ हजार क्युसेक. आता पाण्याचा पृष्ठभाग तसाच ठेवा, रुंदी तीच, उतार तोच, फक्त तळ एक मीटरनं खाली न्या. विसर्ग होतो २८ हजार. वरून बघणाऱ्याला दोन्ही नद्या हुबेहूब सारख्या दिसतात. आणि पात्रात बेशरमीची झुडपं माजलेली असतील, वेडी बाभूळ उगवलेली असेल, तर गुणांक ०.०५ धरावा लागतो. मग तेच १७ हजार १२ हजारांवर येतात. बेशरमीचं नाव कुठल्या परदेशी कोष्टकात नसतं, पण आमच्या नदीचा आकडा ठरवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

जगातल्या मोठ्या, बारमाही नद्यांवर काम करणारे यावर वेगळा उपाय करतात. एका तुकड्यात शिरलेलं पाणी दुसऱ्या तुकड्यातून बाहेर पडलंच पाहिजे, या नियमाच्या आधारानं आणि वारंवार घेतलेल्या नोंदींवरून ते न दिसणाऱ्या तळाचा अंदाज बांधतात. त्यांची नदी कधी आटत नाही, दुसरं करणार काय?

आमची आटते.

हे मला ज्या दिवशी लख्ख समजलं त्या दिवशी मला एकाच वेळी आनंद झाला आणि लाज वाटली. कोरड्या नदीकडं आम्ही कायम दुःखानंच बघत आलोय. पण पावसाळ्यात उपग्रहाला जे दिसत नाही, ते मे महिन्यात आमच्या गावात कुणालाही चालत जाऊन बघता येतं. २०२३ चा पाऊस कमी झालेला होता आणि २०२४ च्या उन्हाळ्यात गंगेत डोह सोडले तर पाणी नव्हतं. मी मामांना फोन केला आणि जीपीएसचं यंत्र घेऊन गावी गेले.

आम्ही पहाटे पाचला निघायचो आणि ऊन चढायच्या आत परतायचो. मी यंत्राची काठी रोवून उंचीची नोंद घ्यायचे, मामा पुढं चालायचे. आधी घाटाच्या एकेका पायरीची उंची घेतली. मग या दरडीपासून त्या दरडीपर्यंत पात्राचे आडवे छेद. चालताना मामा बोलत राहायचे. इथं खडक आहे, वाळूच्या खाली हातभर. इथं रांजणखळगे, यात मासे राहायचे. हा देवीचा डोह, याला दोन परस पाणी, बहात्तरला सुद्धा आटला नव्हता. त्यांनी तीस वर्षं होडीतून काठी घालून जो तळ चाचपला होता, त्यावरून ते आता चपला घालून चालत होते. एके ठिकाणी ते थांबले आणि पायानं वाळू सारून खालचा काळा पाषाण मला दाखवला. “ह्याच्यावर काठी वाजायची. आवाजावरून कळायचं की आपन मधोमध आलो.”

तिसऱ्या दिवशी आम्ही पिंपळाच्या खाली गेलो आणि मामा बोलायचे थांबले.

पात्र राहिलंच नव्हतं. मोठमोठे खड्डे, एकाला लागून दुसरा, काहींत हिरवं पाणी साचलेलं. पोकलेनच्या दातांचे ओरखडे खड्ड्यांच्या भिंतींवर ताजे होते आणि हायवा ट्रकांच्या चाकोऱ्या थेट दरड फोडून वर रस्त्याला गेलेल्या. वाळू उपसा होतो हे काय मला माहीत नव्हतं? रोज वर्तमानपत्रात येतं. पण मी तो कधी आडव्या छेदात बघितला नव्हता. माझ्या गणितातला तो एक मीटर इथं प्रत्यक्ष होता. कितीतरी ठिकाणी त्याहून जास्त. मामांनी आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं होड्या घालून जे वक्र बांधले, ते पात्र जागेवर राहील या भरवशावर. तळ खाली गेला की तीच पातळी वेगळा विसर्ग सांगू लागते, आणि तोच विसर्ग वेगळ्या पायरीपर्यंत येतो. वाळू नेणारा नुसती वाळू नेत नाही, तो आमची मोजपट्टी खोटी करून जातो. हे मी रागानं लिहितेय आणि ते तसंच राहू दे.

मामा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. “लिही,” म्हणाले. “जसं आहे तसं लिही.” आम्ही तो छेदही घेतला.

मला या उपग्रहाबद्दल खोटी भलामण करायची नाही. स्वॉटला १०० मीटरहून रुंद नद्या नीट दिसतात. गोदावरी दिसते. पण दुधना, लेंडी, मन्याड, वरच्या अंगाची तेरणा? त्यांच्या काठी राहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही, आणि रात्रीतून घरात शिरतात त्या याच नद्या. शिवाय त्याची फेरी २१ दिवसांची. तेवढ्यात एका जागेवरून तो एकदोनदा जातो. आमचा पूर दोन दिवसांत चढून उतरतो. तो पूर त्याच्या डोळ्यांसमोर येईलच असं नाही. पण वर्षानुवर्षं तो येत राहिला, कधी पाणी कमी असताना, कधी भरलेलं असताना, आणि दर वेळी उंची, रुंदी, उतार सांगत गेला, तर आमच्या उन्हाळ्यातल्या छेदाशी त्या नोंदी जोडून आमच्या घाटाचा स्वतःचा वक्र बांधता येतो. जिथं कधी होडी गेली नाही, केंद्र झालं नाही, अशा गावाचा. एकदा तो वक्र झाला की पुराच्या रात्री उपग्रह वर असायची गरज नाही. पायरी वाचणारं कुणीतरी खाली असावं लागतं.

तर त्या सप्टेंबरच्या रात्री माझ्याकडं एवढं होतं: २०२४ च्या मे मधले छेद, प्रत्येक पायरीची उंची, आधीच्या फेऱ्यांतून मिळालेला उतार, आणि अकरावी पायरी. वरून सोडलेल्या पाण्याचे आकडे जाहीर झालेले होते. मी दोनदा हिशेब केला. एकदा पात्र खड्ड्यांसकट धरून, एकदा मामांच्या आठवणीतला जुना तळ धरून. साडेबाराला फोन लावला.

“मामा, खड्डे तसेच असतील तर बाराव्या पायरीवर थांबेल. तळ पहिल्यासारखा असेल तर चौदावी बुडेल.”

“खड्डे आहेत का नाहीत, हे तुला तिथून कळत नाही ना?”

“नाही, मामा.”

“मला बी कळत नाही इथून. मग चौदावी धरू.”

चौदाव्या पायरीच्या वर पार आहे, आणि पाराच्या उजव्या हाताला खालची आळी. सोळा घरं. मामांनी मुलांना उठवलं, जनावरं सोडायला लावली, म्हाताऱ्यांना शाळेत नेऊन बसवलं. पहाटे साडेचारला पाणी चौदाव्या पायरीवर आलं. दिवसभर तिथंच हेलकावत राहिलं आणि मग उतरायला लागलं. खालच्या आळीतल्या दोन घरांच्या ओट्याला लागलं, आत शिरलं नाही. उसाचं मात्र काही राहिलं नाही.

ते चौदावर का आलं, बारावर का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात दिवाळीपर्यंत होता. वरचं पाणी जाहीर आकड्यापेक्षा जास्त असू शकतं, मधल्या ओढ्यांचं मी कमी धरलं असेन. भाऊबीजेला आईला घेऊन गेले. नदी तोवर उतरून शांत झाली होती, पाणी अजून गढूळ. मामा पुतण्याची होडी घेऊन तयारच होते. आम्ही पिंपळाच्या खाली गेलो. जीपीएसवर जुन्या छेदाची जागा मिळाली आणि मी हात वर केला. मामांनी लांब बांबू पाण्यात उभा सोडला. मे मध्ये जिथं त्यांच्या डोक्याच्या वर खड्डा होता, तिथं बांबू जेमतेम छातीएवढा आत गेला आणि मऊ गाळात थांबला. त्यांनी तो पुन्हा सोडला, हातभर पलीकडं. पुन्हा तेवढाच.

“भरून काढलं गंगेनं,” ते म्हणाले, आणि बांबूवरची ओली खूण अंगठ्यानं धरून माझ्यापुढं केली. “लिही. पुढच्या आठ दिसांत हायवा यायच्या आधी सगळं लिहून घे.”